पावसाळी हवेत कॅराव्हॅन घेऊन ब्रोकन हिलकडे: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

ब्रोकन हिल या न्यू साउथ वेल्समधल्या खाणींच्या गावाला वर्षभरात साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला आषाढात एखाद्या दिवशीच तेवढा कोसळून जातो. त्यामुळे सिडनी-मेलबर्नचा मराठी माणूस हवामान खात्याचा ‘१० ते २० मिलिमीटर’ असा अंदाज वाचतो तेव्हा त्याला हसू येतं. धो धो पावसात वरंधा घाट उतरलेल्याला या चार थेंबांचं काय कौतुक! हाच फाजील आत्मविश्वास आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, गोत्यात आणतो. घाटात पाणी उताराला लागतं आणि दरीत जातं, चाकाखाली कातळ असतो. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला जमीन सपाट, माती चिकण आणि पाण्याला जायला वाट नाही. पडलेलं पाणी तिथेच बसून राहतं. दहा मिलिमीटरची एक सर शंभर-दीडशे किलोमीटरचा कच्चा रस्ता दोन-तीन दिवस बंद पाडू शकते.

म्हणून या लेखात पावसात गाडी कशी हाकायची यावर बेताचंच लिहिलंय. कुठे थांबायचं, कधी थांबायचं आणि थांबल्यावर वेळ कसा काढायचा, यावर जास्त.

रस्ता आणि दिवस ठरवणं

खाणींचा मुलूख म्हटला की कूबर पीडी, माउंट आयझा, कालगुर्ली ही नावं तोंडावर येतात. ती पुढच्या वेळेला ठेवा. पहिल्यांदा कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागचं चाकांवरचं घर, ओढणाऱ्यानं सिडनीहून डबो, निंगन, कोबार, विल्कॅनिया आणि ब्रोकन हिल हा रस्ता धरावा. निंगनपासून पुढे तो बॅरियर हायवे. अंतर ११५० किलोमीटरच्या आसपास आणि सगळा रस्ता डांबरी. विल्कॅनियाहून उत्तरेला व्हाइट क्लिफ्सला जाणारा नव्वदेक किलोमीटरचा फाटा डांबरी, आणि ब्रोकन हिलहून सिल्व्हरटनला जाणारा २५ किलोमीटरचा रस्ताही डांबरी. कोबारला तांबं आणि सोनं, व्हाइट क्लिफ्सला ओपल, ब्रोकन हिलला चांदी, शिसं, जस्त. म्हणजे चिखलात चाक न घालता तीन तऱ्हेच्या खाणी बघून होतात.

जाताना चार दिवस धरा. दिवसाला तीनशे किलोमीटरच्या पुढे जायची हाव नको, कारण कॅराव्हॅन मागे असली की रोजचा वेगाचा हिशेब उपयोगी पडत नाही. आता महत्त्वाचं: एकूण दिवसांतले तीन दिवस कोरे सोडा. सुट्टी चौदा दिवसांची असेल तर आखणी अकरांची करा. हे तीन दिवस वाया जातील असं वाटतं, पण परतीच्या विमानाची किंवा सोमवारच्या ऑफिसची घाई असलेली माणसंच बंद रस्त्यावर गाडी घालतात.

हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. उन्हाळ्यात वादळी सरी येतात, पण ऊनही कडक असल्यामुळे जमीन लवकर सुकते. हिवाळ्यातला पाऊस भुरभुरा असतो, पण गार हवेत माती सुकता सुकत नाही. तेवढ्याच पावसानं जुलैत रस्ता जास्त दिवस बंद राहतो.

भाड्यानं कॅराव्हॅन किंवा मोटरहोम घेणार असाल तर करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. बहुतेक करारांत डांबर सुटलं की विमाही सुटतो. लायसन्सचंही बघून घ्या. लर्नरला कॅराव्हॅन ओढता येत नाही, आणि न्यू साउथ वेल्समध्ये लाल ‘पी’ (पहिल्या टप्प्यातलं तात्पुरतं लायसन्स) असेल तर रिकाम्या वजनात २५० किलोच्या वरचा ट्रेलर चालत नाही.

वजनाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. कॅराव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकामं वजन आणि एटीएम म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन. या दोहोंतला फरक म्हणजे तुमचं सामान, आणि त्यात पाणी, गॅसच्या टाक्या, नंतर बसवलेलं ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत), सगळं आलं. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. शिवाय गाडी आणि कॅराव्हॅन मिळून किती वजन चालेल तो जीसीएम, तो गाडीच्या पुस्तिकेत मिळतो.

सामान भरून झालं की वजनकाट्यावर न्या. टो बॉलवर, म्हणजे कॅराव्हॅन जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येणारा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. तो कमी पडला की कॅराव्हॅन मागून शेपटी हलवायला लागते आणि ओल्या रस्त्यावर ते सावरणं कठीण. जड सामान एक्सलच्या जवळ आणि तळाला ठेवा. मागच्या टोकाला सायकली, जनरेटर आणि पाण्याचे कॅन लटकवायची हौस करू नका.

कॅराव्हॅनचे ब्रेक गाडीतल्या कंट्रोलरवरून कमी-जास्त करता येतात. कोरड्या रस्त्यावर लावून ठेवलेला जोर ओल्यावर जास्त ठरतो. कॅराव्हॅनची चाकं लॉक होऊन घसरतात. पाऊस सुरू झाला की जोर थोडा उतरवा आणि मोकळ्या जागी हलक्या वेगात एकदा ब्रेक दाबून बघा. क्रूझ कंट्रोल बंद.

बरोबर काय घ्यायचं

दुकानात जाल तर यादी संपणार नाही. खरोखर लागतं ते एवढं: लांब दांड्याचं फावडं, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, टायरमधली हवा मोजायचं यंत्र आणि कॉम्प्रेसर, गाड्यागाड्यांत बोलायचा यूएचएफ रेडिओ, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दारात टाकायला जाड चटई, आणि तीन दिवस पुरेल इतकं जास्तीचं खाणं-पाणी. पिण्याचं पाणी माणशी रोजचं पाच लिटर धरा. मोबाइलची रेंज गावाबाहेर पडलं की जाते आणि मधल्या पट्ट्यात त्यातल्या त्यात टेल्स्ट्राच बरं चालतं. सॅटेलाइटवरून निरोप धाडता येईल असं काही जवळ असेल तर उत्तम.

रोख पैसेही ठेवा. ऑक्टोबर २०२४ च्या वादळात ब्रोकन हिलला वीज आणणाऱ्या वाहिनीचे सात मनोरे कोसळले आणि त्या भागात कित्येक दिवस वीज येत-जात राहिली. वीज नसली की कार्ड चालत नाही आणि पेट्रोलपंपही चालत नाही. म्हणून अर्धी टाकी झाली की भरायची. कोबार ते विल्कॅनिया २६० किलोमीटर आहे, मध्ये एमडेलचं रोडहाउस तेवढं लागतं. कॅराव्हॅन मागे आणि वारा समोरून असला की डिझेल घरच्या दीडपटीहून जास्त जातं.

खाण्याचं आपल्या लोकांना सांगायला नको. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर एवढ्यावर अडकलेले तीन दिवस मजेत निघतात. फक्त कुकर लावताना वरची झडप आणि एक खिडकी उघडी हवी. बाहेर थंडी म्हणून सगळं बंद करून गॅसची शेगडी ऊब यायला पेटती ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रस्त्याची खबर काढणं

रोज सकाळी चहा होईपर्यंत दोन गोष्टी बघायच्या: हवामान खात्याचं ॲप आणि रस्ते उघडे की बंद ते दाखवणारं ‘लाइव्ह ट्रॅफिक एनएसडब्ल्यू’. हवामानाच्या अंदाजात पावसाचे दोन आकडे असतात. समजा ‘५ ते १५ मिलिमीटर’. त्यातला मोठा आकडा म्हणजे पावसाची कमाल मर्यादा नव्हे. तेवढा किंवा त्याहून जास्त पडायची शक्यता चारात एक असते. चारात एक ही शक्यता सुट्टीच्या आनंदात नगण्य वाटते, म्हणून आखणी करताना मोठ्या आकड्यावरच करा.

रस्त्यांच्या नकाशावर डांबरी रस्ता उघडा दिसला तरी पुढच्या गावच्या कॅराव्हॅन पार्कला किंवा रोडहाउसला फोन करा. ‘रस्ता कसा आहे?’ असं विचारलं तर ‘ठीक आहे’ असंच उत्तर मिळतं. तिथल्या माणसाच्या दृष्टीनं तो ठीकच असतो. ‘आज सकाळी तिकडून कॅराव्हॅन घेऊन कुणी आलं का?’ असं विचारा. उत्तर लगेच खरं येतं.

आणखी एक गोष्ट आपल्याला नवी असते. डोक्यावर निळं आभाळ असताना पूर येऊ शकतो. डार्लिंग नदीचं पाणी, जिला इथले बार्किंजी लोक बाका म्हणतात, क्वीन्सलंड आणि उत्तरेकडच्या नद्यांतून येतं. तिकडे पडलेला पाऊस विल्कॅनियाला पोचायला आठवडे लागतात. त्यामुळे अंदाज बघताना फक्त आपल्या ठिपक्यावर बोट ठेवू नका, वरच्या अंगाला काय झालंय तेही बघा. निंगन गावाला एप्रिल १९९० मध्ये बोगन नदीनं वेढलं, बांध तोकडे पडले आणि जवळजवळ सगळं गाव हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं. त्या आठवणीसाठी तिथे एक हेलिकॉप्टर उभं करून ठेवलंय. जाता जाता थांबून बघा, मुलांना आवडतं.

ओल्या डांबरी रस्त्यावर

डांबर आहे म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. पावसात इथला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे साईडपट्टी. कोरड्या दिवसात ती टणक लाल माती असते, गाडी सहज खाली उतरते. पावसानंतर वरून तशीच दिसते, फक्त रंग गडद झालेला असतो. समोरून रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) येते, छत्तीस मीटर किंवा त्याहूनही लांब, तिच्या चाकांतून पाण्याचा पडदा उडतो आणि नवखा चालक घाबरून डावीकडे सरकतो. गाडीची डावी चाकं डांबरावरच राहतात, पण कॅराव्हॅन जास्त रुंद. तिचं डावं चाक काठावरून घसरतं आणि मातीत चार बोटं बुडतं. आता चालक दचकून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो. तिथेच कॅराव्हॅन आडवी होते.

करायचं ते असं. रोड ट्रेन लांबून दिसली की वेग हळूहळू ऐंशीवर आणा आणि आपल्या लेनमध्ये सरळ राहा. तिला तिची लेन पुरते. वायपर आधीच जोरात करा, कारण तीन-चार सेकंद समोरचं काही दिसणार नाही. चाक मातीत उतरलंच तर ब्रेक नाही, झटका नाही. ॲक्सिलरेटर सोडा, सरळ धरा, वेग पडू द्या आणि मग अलगद वर घ्या. कॅराव्हॅन डोलायला लागली तरी हाच नियम, फक्त तेव्हा कंट्रोलरवरचं बटण दाबून एकट्या कॅराव्हॅनचे ब्रेक हलके लावा. गाडीचे ब्रेक दाबले तर मागचं वजन पुढे ढकलतं.

यूएचएफवर हायवेचे ट्रकवाले चॅनल ४० वर बोलतात आणि कॅराव्हॅनवाले बहुतेक १८ वर. मागून रोड ट्रेन आली की चाळीसवर ‘मी सरळ एकाच वेगात राहतो, सवडीनं पुढे जा’ एवढं सांगितलं तरी ड्रायव्हर खूश होतो. चॅनल ५ आणि ३५ फक्त संकटासाठी, त्यांवर गप्पा नाहीत.

पुढचा प्रश्न फरशीचा. या भागात ओढ्यांवर पूल कमी, रस्ताच खाली उतरतो आणि वर चढतो. कडेला पाण्याची खोली मोजायचा खांब असतो. ओढा कोरडा असला तरी कुठे आहे ते दुरून ओळखता येतं: उघड्या माळावर रेड गमची मोठी झाडं एका रांगेत दिसली की ती पाण्याची वाट. त्यांच्या फांद्यांत डोक्याच्या वर अडकलेला पालापाचोळा दिसला की मागचा पूर कुठवर आला होता तेही कळतं.

फरशीवर पाणी वाहत असेल तर जायचं नाही. इथे वाद घालायला लोकांना आवडतं, किती सेंटिमीटरपर्यंत चालतं वगैरे. लहान मोटार पंधरा सेंटिमीटर पाण्यातही तरंगू शकते, मोठी फोर व्हील ड्राइव्ह पंचेचाळीसमध्ये. आणि तुमच्यामागे कॅराव्हॅन आहे, म्हणजे आत हवा भरलेली हलकी, उंच पेटी. ती गाडीच्या आधी तरंगते आणि गाडीला बाजूला ओढते. शिवाय गढूळ पाण्याखाली डांबर शाबूत आहे की वाहून गेलंय ते वरून कळत नाही. थांबा. यू-टर्न घ्यायला जागा नसेल तर पाण्यापासून लांब, उंचवट्यावर, साईडपट्टीत न उतरता धोक्याचे दिवे लावून उभे राहा. पुराच्या मदतीसाठी न्यू साउथ वेल्सच्या एसईएसचा (राज्याच्या आपत्कालीन सेवेचा) नंबर १३२ ५०० आणि जिवावर बेतलं तर ०००.

पावसानंतर रस्त्याच्या कडेला पाणी साचतं, हिरवं गवत उगवतं आणि जनावरं तिथेच गोळा होतात. कांगारू, इमू, आणि कोबारच्या आजूबाजूला रानबकऱ्यांचे कळप. सूर्योदयाच्या आधी आणि दुपारी चारनंतर कॅराव्हॅन रस्त्यावर नको. बकरी निदान आपल्याला बघून विचार करते. इमूचा काही भरवसा नाही, तो रस्ता ओलांडून परत फिरतो.

कच्चा रस्ता आणि वाफसा

मुतविंटजी राष्ट्रीय उद्यान असो, व्हाइट क्लिफ्सच्या पलीकडचे रस्ते असोत किंवा सिल्व्हरटनच्या वाटेवरची डेड्रीम खाण, इथे कच्च्या रस्त्याशी गाठ पडते. पाऊस येऊन गेला की या जागा मनातून काढून टाका. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, तसंच इथे माती तयार झाल्याशिवाय चाक घालायचं नसतं. वरची पापडी सुकून भेगा पडलेल्या दिसतात आणि खाली वीत-दीड वीत लोणी असतं. बुटाची टाच जोरात रोवून बघा. टाच आत गेली तर गाडीचं काय होईल ते सांगायला नको.

‘रस्ता बंद’ अशी पाटी असताना गेलात तर भरपूर दंड होतो. तो फक्त तुमच्या भल्यासाठी नाही. ओल्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या सुकल्या की दगडासारख्या कडक होतात आणि ग्रेडर येईपर्यंत तशाच राहतात, कधीकधी महिनोन्महिने. आतल्या मेंढपाळ कुटुंबांची टपालाची गाडी, शाळेची, दवाखान्याची वाट तीच असते.

चिखलात गाडी काय करते ते एकदा बघून ठेवलेलं बरं. टायरच्या खाचा पहिल्या शंभर मीटरमध्ये बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग माती चाकाभोवती थराथरानं गुंडाळत जाते, कॅराव्हॅनच्या चाकावरची कमान भरते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. गाडी जोर लावते आणि कॅराव्हॅन लॉक झालेल्या चाकांवर घसरत मागून येते.

रुतलातच तर पहिल्या सेकंदाला पाय उचला. चाक फिरवत राहिलात तर ते स्वतःची कबर खणतं. चाकांपुढची माती फावड्यानं काढा, टायरची हवा बरीच कमी करा, पट्ट्या घाला आणि शक्य असेल तर कॅराव्हॅन सोडवून आधी गाडी बाहेर काढा. दुसऱ्या गाडीनं ओढायची वेळ आली तर पट्टा टो बॉलला कधीही अडकवू नका. ताणाखाली बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्यानं माणसं मेलेली आहेत. त्यासाठी ठरावीक वजनाला मान्य केलेला हुकच हवा, आणि ओढताना बाकी सगळ्यांनी लांब उभं राहायचं. जमत नसेल तर गाडीजवळच थांबा. चालत मदत शोधायला जाऊ नका.

मुक्कामाची जागा आणि कॅराव्हॅन कोरडी ठेवणं

पावसाचा अंदाज असेल त्या रात्री फुकटची मोकळी जागा विसरा आणि गावातली पॉवर्ड साइट घ्या. ढगाळ हवेत सोलर पॅनेल नावापुरतं चार्ज देतं, फ्रिज आणि हीटर चालवायला वीज हवीच. साइट सिमेंटच्या पट्टीची मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या. नुसती माती असेल तर उंच भाग मागा आणि पाणी कुठून कुठे वाहील ते पावसाच्या आधी बघून घ्या. कोरड्या ओढ्याच्या पात्रातली मऊ वाळू आणि झाडांची सावली किती सुंदर दिसली तरी तिथे नाही.

विजेची केबल १५ अँपिअरची लागते. तिचा जोड डबक्यात पडू देऊ नका, टांगून ठेवा. ऑनिंग उघडलं तर एक कोपरा बराच खाली घ्या, नाहीतर मध्ये पाण्याची पिशवी होते आणि तिच्या वजनानं दांडे वाकतात. रात्री वारा असेल तर गुंडाळूनच टाका. ओलं ऑनिंग गुंडाळलं असेल तर पुढच्या उघडिपीला पसरून वाळवायचं, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशी.

आत चार माणसं, ओले कपडे आणि कुकरची वाफ असली की सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं. एक खिडकी बोटभर उघडी ठेवली तर बरंच कमी होतं. बूट बाहेर, टबमध्ये. घरात चिखल आणणाऱ्याला भांडी घासायला लावावीत, हा नियम पहिल्या दिवशीच जाहीर केला की पुढे वाद होत नाहीत. पावसानंतर डास फार वाढतात आणि रॉस रिव्हरसारखे ताप त्यांच्यामुळेच होतात. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला मलम.

खाणींच्या गावात, पाऊस असताना

कोबारमध्ये फोर्ट बर्क टेकडीवर गेलात की पायाखालीच खुली सोन्याची खाण दिसते. ओल्या दिवशी धूळ बसलेली असल्यामुळे खडकाचे थर एरवीपेक्षा स्पष्ट दिसतात. तासाभराचं काम.

व्हाइट क्लिफ्सला मात्र वेळ द्या आणि डोळे उघडे ठेवा. गावाभोवती जुन्या ओपल-शोधकांनी खणलेल्या हजारो उभ्या विहिरी आहेत, कित्येक उघड्या. पावसानं त्यांचे काठ भुसभुशीत होतात. नेमून दिलेल्या वाटा सोडायच्या नाहीत, फोटो काढताना मागे पाऊल टाकायचं नाही, आणि लहान मुलाचा हात सोडायचा नाही. खुंट्या ठोकलेल्या जागा कुणाच्या तरी मालकीच्या असतात, तिथे विचारल्याशिवाय शिरू नये.

पण पावसाचा एक फायदा इथेच होतो. खणून काढलेल्या पांढऱ्या मातीचे ढीग धुऊन निघतात आणि वर पडलेले ओपलचे बारीक कपचे उघडे पडतात. शोधायला परवानगी आहे अशा ढिगावर ऊन पडल्यावर जा, सूर्य पाठीशी ठेवा आणि खाली वाकून हळूहळू चाला. बहुतेक वेळा हाती लागतो तो बिनरंगी कपचा. मग एखादा तांदळाएवढा तुकडा कलला की हिरवी ठिणगी देतो. किमतीच्या दृष्टीनं शून्य, पण मुलं दुपारभर हलत नाहीत. मोठीही हलत नाहीत.

इथे बरीच माणसं जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात, आत बारा महिने बावीस अंशांच्या आसपास. गावात जमिनीखालचं मोटेलही आहे. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजणार असेल तर कॅराव्हॅन बाहेर उभी करून एक रात्र तिथे काढायला माझी काहीच हरकत नाही.

ब्रोकन हिल पावसात अडकायला उत्तम गाव आहे. पोचल्यावर घड्याळ अर्धा तास मागे घ्या, कारण राज्य न्यू साउथ वेल्स असलं तरी इथे वेळ साउथ ऑस्ट्रेलियाची चालते. १८८३ मध्ये माउंट गिप्स मेंढीफार्मवर कुंपणं राखणाऱ्या चार्ल्स रास्पला इथल्या काळ्या टेकडीत कथील आहे असं वाटलं. निघाली चांदी आणि शिसं. दोन वर्षांनी त्यातून जी कंपनी उभी राहिली ती आजची बडी खाणकंपनी बीएचपी. गावातल्या रस्त्यांची नावं आर्जेंट, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, ऑक्साइड. दहावीचं रसायनशास्त्र चालता चालता उजळून निघतं.

पाऊस चालू असेल तर आर्जेंट रस्त्यावरची १९०४ सालची आर्ट गॅलरी, खनिजांचं संग्रहालय आणि फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या तळावरचं प्रदर्शन यांत दोन दिवस सहज जातात. पाऊस थांबल्यावर खाणीच्या मुरमाच्या डोंगरावर असलेल्या खाणकामगारांच्या स्मारकाकडे जा. आठशेहून जास्त नावं आहेत, प्रत्येकासमोर मृत्यूचं कारण लिहिलेलं: दरड, विषारी वायू, स्फोट, पडणं. एकेक ओळ वाचत गेलं की खालचं गाव वेगळं दिसायला लागतं. सिल्व्हरटनच्या पुढे मुंडी मुंडी मैदानाची टेकडीही अशाच उघडिपीला बघावी.

लहान मुलं बरोबर असतील तर शिशाचं भान ठेवा. गावातल्या मातीत आणि धुळीत शिसं आहे, आणि तिथली आरोग्ययंत्रणा मुलांच्या रक्तातलं शिसं नियमित तपासते. पावसात धूळ उडत नाही, पण चिखल होऊन बुटांना चिकटते आणि कॅराव्हॅनच्या जमिनीवर येऊन वाळते. म्हणून रोज ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडू मारायचा नाही. खाण्यापूर्वी साबणानं हात. पिण्याचं पाणी नळाचं, पन्हाळीचं नाही. खाणीजवळचे चकाकते दगड आठवण म्हणून मुलांच्या खिशात घालू नका.

परत निघताना

निघण्याआधी चाकांच्या कमानी आणि ब्रेकच्या ड्रममधला चिखल पाण्याच्या जोरानं काढा. वाळून घट्ट झाला की चाकाचा तोल जातो आणि ब्रेक खरडतात. चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून चाकाच्या मधोमध हाताची पाठ लावून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर बेअरिंगमध्ये पाणी किंवा माती गेली असण्याची शक्यता आहे, पुढचं गाव येण्याआधी वेग कमीच ठेवा.

परतीला ॲडलेडकडून जाणार असाल तर साउथ ऑस्ट्रेलियात फ्रूट फ्लायच्या (फळमाशीच्या) धोक्यामुळे फळं आणि बऱ्याच भाज्या नेता येत नाहीत. बॅरियर हायवेवर ऊडला विरा इथे तपासणी नाका आहे आणि ते फ्रिज उघडायला लावतात. टोमॅटो, हिरव्या मिरच्या, सगळं त्यात येतं. आदल्या रात्री ब्रोकन हिललाच मिरच्यांचा ठेचा करून टाका. आणि निघण्याआधी सध्याच्या नियमांत शिजवलेलं काय चालतं ते बघून घ्या, नाहीतर दंडाची रक्कम ठेच्याला फार महाग पडते.